२६ मिलिमीटर

सकाळी दात घासायला ब्रश तोंडात घालायला गेले, तर तो पुढच्या दातांवरच आपटला. वाटलं, डोळ्यांवर झोप आहे, नेम चुकला. पुन्हा घातला. या वेळी आत गेला, पण आडवा फिरवायला जागाच नाही. आरशात पाहिलं. माझ्या मते मी चांगला मोठा 'आ' केला होता. आरशातल्या बाईचं तोंड जेमतेम अर्धं उघडलं होतं. जोर लावला तशी डाव्या कानाच्या पुढे सणसणीत कळ आली आणि हनुवटी डावीकडे घसरली.

त्या जागी गेली दोन वर्षं आवाज येत होता. जांभई दिली की कट्ट, मोठा घास घेतला की कट्ट. शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा. दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी त्याला घरातलाच समजून चालले होते. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र उठल्या उठल्या जबडा क्षणभर अडायचा. हनुवटी जरा इकडेतिकडे हलवली की कट्ट व्हायचं आणि तोंड मोकळं व्हायचं. त्या सकाळी कितीही हलवलं तरी कट्ट झालंच नाही. ज्या आवाजाचा इतका वैताग होता, तो आता व्हावा म्हणून मी आरशासमोर दहा मिनिटं तोंड वेडंवाकडं करत उभी होते.

कान ठणकत होता, म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीतून दोन्ही कान पाहिले आणि मग एक विचित्र गोष्ट केली. दोन्ही करंगळ्या माझ्या दोन्ही कानांत घातल्या, बोटांची टोकं पुढच्या बाजूला दाबली आणि म्हणाले, "आता तोंड उघडा, मिटा." उजवीकडे काहीतरी सुळकन पुढे गेल्याचं मलाही कळलं. डावीकडे हालचाल जवळजवळ नव्हती. "कान स्वच्छ आहे," ते म्हणाले, "दुखतोय तो कानाला लागून असलेला जबड्याचा सांधा." कानाची नळी आणि हा सांधा यांच्यात फार थोडं अंतर असतं, आणि या सांध्याची संवेदना नेणारी मज्जातंतूची फांदी कानाच्या पुढच्या भागालाही जाते. त्यामुळे नक्की दुखतंय कुठे, हे मेंदूला नीट सांगता येत नाही.

इथे एक जुनी तक्रार सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी, आवाज सुरू झाला तेव्हा, एका दातांच्या दवाखान्यात गेले होते. डाव्या खालच्या दाढा अधूनमधून दुखतात, असंही सांगितलं होतं. तिथे मला सांगण्यात आलं की माझ्या दोन दाढा उंच आहेत, त्यामुळे चावा नीट बसत नाही. दाढा घासल्या. आवाज राहिला, दुखणंही राहिलं, दाढांचा वरचा थर मात्र गेला, आणि तो काही परत वाढत नाही. नंतर कळलं की या समजुतीला मोठा इतिहास आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या आणि आजूबाजूच्या तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. तोवर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत होत्या, त्यामुळे ते मोठंच काम झालं. पण कारण म्हणून त्याने बोट ठेवलं दाढा पडल्याने बिघडलेल्या चाव्यावर. ते स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. दाढा घासायची सवय मात्र काही ठिकाणी टिकून आहे.

कानाच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं, त्या जबड्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा काय काढलं असेल, तर मुलांच्या कंपासपेटीत असते तशी प्लॅस्टिकची पट्टी. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये ती उभी धरली. २६ मिलिमीटर. साधारणपणे मोठ्या माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी मावली तर बरंच म्हणायचं. माझी दीड मावत होती. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी माझ्या दातांवर टेकवून तोंड हलकेच आणखी उघडून पाहिलं. २७, कशीबशी २८, आणि पुढे भिंत. "स्नायू आखडलेला असता तर रबरासारखं थोडं ताणलं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "इथे काहीतरी आडवं आलंय." जबडा डावीकडे सरकवायला सांगितला, तो सहज सरकला. उजवीकडे अगदी थोडा. "डावा सांधा पुढे यायला तयार नाही. म्हणून उजवीकडे जाता येत नाही." हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला: जबडा उजवीकडे न्यायचा, तर डावं टोक पुढे सरकावं लागतं.

टेबलावर एक कवटी होती. स्प्रिंगने जबडा अडकवलेली. मी तिच्याकडे बघतेय हे पाहून बाई म्हणाल्या, "हिच्यावर तुमचा आजार दाखवता येणार नाही. जी वस्तू बिघडलीय, ती वाळलेल्या कवटीत शिल्लकच राहत नाही."

ती वस्तू म्हणजे चकती. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना वर जातं आणि त्याच्या टोकाला एक आडवा, लांबट गोंडा असतो. कानापुढे, कवटीच्या बुडाला, त्याच्यासाठी एक खोबण आहे आणि खोबणीच्या पुढे हाडाचा एक उंचवटा. गोंडा आणि खोबण यांच्यामध्ये ही चकती बसते: मधोमध पातळ, पुढची-मागची कड जाड. तिच्यामुळे सांध्याचे वर-खाली दोन कप्पे होतात आणि दोन्हींची कामं वेगळी. खालच्या कप्प्यात गोंडा जागच्या जागी फिरतो, बिजागरीसारखा. वरच्या कप्प्यात गोंडा आणि चकती मिळून उंचवट्याच्या उतारावरून पुढे आणि खाली घसरतात. कानाच्या पाळीपुढे बोटं ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. आधी नुसती थोडी वळवळ जाणवते, मग बोटाखालून एक गोटी पुढे निघून जाते आणि तिच्या जागी खड्डा पडतो. ती गोटी म्हणजे हा गोंडा.

बाईंनी पुढे जे सांगितलं, त्याने माझं तोंड खरं तर उघडंच राहायला हवं होतं. पहिले २०-२५ मिलिमीटर तोंड प्रामुख्याने बिजागरीवर उघडतं. त्याच्या पुढचं सगळं घसरण्यावर. म्हणजे माझे २६ मिलिमीटर ही निव्वळ बिजागरी होती. घसरणं बंद पडलं होतं. चकती गोंड्याच्या डोक्यावरून पुढे सटकली होती. दोन वर्षं तोंड उघडताना गोंडा तिच्या जाड मागच्या कडेवर उडी मारून पुन्हा तिच्यावर बसत होता. कट्ट हा त्या उडीचा आवाज. आता उडी मारणं जमत नव्हतं. "दारापुढे पायपुसणं गोळा झालंय," बाई म्हणाल्या. "दार तिथपर्यंत उघडतं आणि अडतं." चकतीच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत की मज्जातंतू नाहीत, ती दाबासाठीच घडलेली. पण तिच्या मागचा मऊ भाग रक्तवाहिन्यांनी आणि मज्जातंतूंनी भरलेला. चकती पुढे गेली की गोंडा त्या मऊ भागावर बसतो. माझी कळ तिथली.

एमआरआय करताना आधी तोंड मिटून आणि मग दातांत एक ठोकळा धरून, अशी दोनदा चित्रं घेतली. पडद्यावर चकती काळी दिसते. उजवीकडे ती गोंड्यावर टोपीसारखी होती. डावीकडे टोपी पुढे घसरून कपाळावर आलेली, आणि तोंड उघडल्यावरही तिथेच. मी विचारलं, ती परत जागेवर कधी येईल?

"बहुधा येणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि आणायची गरजही नाही."

माझा चेहरा पाहून त्यांनी खुलासा केला. मागचा मऊ भाग दाब सोसत सोसत हळूहळू चिवट होतो आणि चकतीचं काम बऱ्यापैकी करू लागतो. त्याला त्यासाठी वेळ द्यायचा, सूज उतरू द्यायची आणि तोंड थोडं थोडं उघडत न्यायचं. नाहीच जमलं, तर दोन सुया घालून सांध्याचा वरचा कप्पा सलाइनने धुऊन काढतात. ते सहा आठवड्यांनंतर बघू म्हणाल्या. आता कोणी दुरुस्ती न करता बरं करणार म्हटल्यावर मला जरा फसवल्यासारखंच वाटलं.

मग त्यांनी स्नायू दाबायला सुरुवात केली आणि खरी हकिगत इथून पुढे आहे.

चावण्याचे स्नायू दोन्ही बाजूंना चार-चार. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत येतो तो मॅसेटर. दात आवळले की गालावर जो टेंगळासारखा उठतो तो हाच. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस. जबड्याच्या आतल्या बाजूने मॅसेटरला जोडीदार म्हणून मीडियल टेरिगॉइड. दोघे मिळून जबड्याचा कोपरा झोळीत घेतल्यासारखा धरतात. हे तिघे तोंड मिटवणारे. चौथा लॅटरल टेरिगॉइड, खोल आत, जवळजवळ आडवा. गोंड्याला पुढे ओढतो तो हा. हनुवटीखालचे छोटे स्नायू आणि जबड्याचं स्वतःचं वजन त्याच्या मदतीला. म्हणजे मिटवायला तीन पैलवान आणि उघडायला एक हमाल आणि दोन पोरं. सगळ्या चौघांना हुकूम येतो तो एकाच मज्जातंतूकडून, मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या जोडीच्या तिसऱ्या फांदीतून.

बाईंनी डावा मॅसेटर खालच्या बाजूला दाबला आणि माझी खालची दाढ दुखली. दाबला गाल, दुखली दाढ! तीच दाढ, जिच्यावर दोन वर्षांपूर्वी ड्रिल फिरलं होतं. कानशील दाबलं तर संध्याकाळची नेहमीची डोकेदुखी जशीच्या तशी हजर. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत लिहीत गेल्या.

"तुम्ही काम काय करता?"

"मुद्रितं तपासते."

"आणि आत्ता तुमचे दात कुठे आहेत?"

प्रश्न मला कळलाच नाही. दात आणखी कुठे असणार? मग लक्षात आलं: वरचे आणि खालचे एकमेकांवर घट्ट बसलेले होते. मी गप्प बसून ऐकत होते, खात नव्हते, बोलत नव्हते, आणि तिन्ही पैलवान कामाला जुंपलेले. "दात एकमेकांना लागायचे ते गिळताना आणि चावताना, तेही क्षणभर," त्या म्हणाल्या. "एरवी मध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट हवी. ओठ मिटलेले असू देत. 'न' म्हणा आणि जीभ जिथे टेकेल तिथेच ठेवून द्या."

न म्हटलं. फट पडली. शाळेपासून 'न'ला दंत्य म्हणत आलेय. त्यात दात दातांना लागत नाहीत, हे या वयात कळलं.

त्यांनी औषधाबरोबर लाल टिकल्यांचा एक कागद दिला. घरात नजर जाईल तिथे चिकटवायच्या आणि टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघायचं, बस. मी एक संगणकावर लावली, एक दिव्याच्या बटणावर, एक फोनच्या पाठीवर. पहिल्या दिवशी कागदावर खुणा केल्या: ४० वेळा पाहिलं, ३१ वेळा दात मिटलेले. तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. मजकूर वाचताना जबडा बऱ्यापैकी सैल असायचा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की दाढा आवळल्या जायच्या, आणि ती दुरुस्त करूनही तशाच राहायच्या. 'दातओठ खाणे' हा वाक्प्रचार आपण नुसता रागासाठी वापरतो. माझं तर पोटापाण्याचंच काम दातओठ खाऊन चाललं होतं.

रात्रीचं मला मान्य नव्हतं. झोपेत दात खाते असं नवरा वर्षभर सांगत होता आणि मी ते त्याच्या घोरण्यावरचं प्रत्युत्तर समजत होते. वरच्या दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची पट्टी बनवून दिली होती, ती महिनाभराने दाखवायला नेली. बाईंनी ती दिव्याखाली तिरपी धरली. डाव्या बाजूला, दाढांच्या जागी, दोन गुळगुळीत चकचकीत खाचा पडल्या होत्या. घरी येऊन नवऱ्याला दाखवल्या. "अगं, मी आवाज ऐकतोय रोज, मला काय दाखवतेस," एवढंच म्हणाला. पट्टीने दात खाणं थांबतंच असं नाही. दातांची झीज वाचते आणि सांध्यावरचा भार थोडा वाटला जातो. मला तिचा खरा उपयोग झाला तो पुरावा म्हणून.

चावण्याबद्दलची माझी समजूतही साफ उलटी निघाली. डावीकडे दुखतं म्हणून मी दोन वर्षं उजवीकडून चावत होते, हे मी बाईंना जरा शाबासकीच्या अपेक्षेने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ज्या बाजूला घास असतो, त्या बाजूचा बराचसा जोर घासावरच खर्च होतो; दुसऱ्या बाजूला मध्ये घास नसतो, पण स्नायू तिथेही ओढत असतात, आणि तो भार सांध्यावर येतो. म्हणजे उजवीकडे चावून मी डावा सांधाच जास्त दामटत होते. दोन सांधे, पण हाड एकच. एकाला सुट्टी देऊन दुसऱ्याला कामावर पाठवता येत नाही. काही चिवट खायचंच झालं तर दुखऱ्या बाजूनेच चावा, एरवी घास छोटा आणि मऊ, असं ठरलं. त्या दिवसांत मी आरशासमोर बसून हळू चावत स्वतःला पाहायचे. हनुवटी नुसती वर-खाली होत नाही. खाली येते, घासाच्या बाजूला झुकते, तिकडून वर चढते आणि मध्ये येऊन मिटते. थेंबासारखा आकार काढत. माझा थेंब खूप दिवस वाकडा होता.

व्यायाम कंटाळवाणे होते, त्याबद्दल फार लिहीत नाही. गालावर आणि कानशिलावर १५ मिनिटं गरम ओला टॉवेल. जीभ टाळूला लावून तोंड उघडणं, म्हणजे सांधा फक्त बिजागरीवर फिरतो. दात न लावता डावीकडे-उजवीकडे सरकणं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. आणि पट्ट्या. डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी पट्ट्यांची चळत दातांत आडवी धरायची, कळ येईल त्याच्या अलीकडे थांबायचं, अर्धं मिनिट श्वास घ्यायचा, काढायची. एक पट्टी पावणेदोन मिलिमीटरची. पहिल्या दिवशी १५ मावल्या. सोळावी जायला नऊ दिवस लागले. एकदा घाईने दोन वाढवल्या आणि दोन दिवस पुन्हा १५वर आले. सहाव्या आठवड्यात बाईंच्या मोजपट्टीवर ३३ मिलिमीटर आले आणि सुयांचा विषय मागे पडला.

एकदा बाहेर बसले असताना एक गृहस्थ आले, तोंड सताड उघडं आणि मिटेना. जांभई देताना दोन्ही गोंडे उंचवट्याच्या पुढे निसटले होते. पाच मिनिटांत तोंड मिटून, कसनुसं हसत बाहेर पडले. मी विचारल्यावर बाईंनी सांगितलं: अंगठे आत, खालच्या दाढांवर, आधी खाली दाबायचं आणि मग मागे ढकलायचं. प्राचीन इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकावरच्या हस्तलिखितातही निखळलेला जबडा असाच हातांनी बसवायला सांगितला आहे. मी २६वर अडलेली, ते गृहस्थ पलीकडे, खुर्ची एकच.

औषधोपचाराशी काही संबंध नसलेली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. जबड्याचा हा सांधा सस्तन प्राण्यांचा, तुलनेने नवा. सस्तनांच्या आधीच्या आपल्या पूर्वजांचा जबडा वेगळ्याच दोन हाडांमध्ये सांधलेला होता. ती दोन हाडं पुढे आकसत गेली, जबड्यातून सुटली आणि कानात जाऊन बसली: हातोडी आणि ऐरण. आजही कानाच्या पडद्याला ताण देणारा चिमुकला स्नायू चावण्याच्या स्नायूंच्याच मज्जातंतूवर चालतो. मी कान दुखतोय म्हणून गेले, त्यात माझं फार चुकलं नव्हतं.

आठव्या महिन्यात ४१ झाले. चकती पुढेच आहे. कट्ट गेलं ते गेलंच. आता तोंड मोठं उघडलं तर पायाखाली वाळू आल्यासारखं बारीक करकरतं, बाई म्हणतात चालेल. त्यांनी पट्टी खाली ठेवली, दिवा ओढला आणि म्हणाल्या, आता उघडतंच आहे तर एकदा मागपर्यंत बघून घेऊ. डावीकडच्या शेवटच्या दाढेत मागच्या बाजूला चांगली मोठी कीड निघाली. आठ महिने तिथे ना ब्रश पोचला होता, ना कोणाची नजर. ती भरायला तोंड अर्धा तास उघडं ठेवावं लागणार होतं. आम्ही पाच-पाच मिनिटांचे सहा हप्ते ठरवले, आणि प्रत्येक हप्त्यानंतर त्या मला 'न' म्हणायला लावत होत्या.